बऱ्या बैलाची जीभ

॥ श्री म्हसोबा समर्थ ॥

मुक्काम वैशाखरे, तालुका मुरबाड
चैत्र वद्य पंचमी, शके १८६०

वडील बंधूंच्या जागी असलेले महिपतदादा, मुक्काम शहापूर, यांना त्यांच्या बहिणीचा नवरा कुंडलिक याचा कोपरापासून रामराम.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम कसलं डोंबलाचं. तुमचा गुडघा कसा आहे? रंभावहिनींचा खोकला थांबला का? नसेल तर अडुळशाची पानं वाफवून रस द्या, पण त्याआधी त्यांना जीभ बाहेर काढायला सांगा. जिभेवर पांढरा थर असला तर खोकला पोटातला आहे, छातीतला नाही, आणि मग अडुळसा फुकट जाईल. तुमची म्हैस व्यायली का? आणि पौष महिन्यापासून तुमच्या घरी जी एक बाई येऊन राहिली आहे, तिची प्रकृती मी विचारत नाही. तुम्ही आपण होऊन कळवलीत तर माझी काही हरकत नाही.

तुम्हांला अक्षर येत नाही, म्हणजे हे पत्र तुमच्या आळीतले शाळेचे गुरुजी वाचून दाखवणार. (गुरुजी, तुम्हांला वेगळा नमस्कार. कंसात जे लिहिलं आहे ते तुमच्यापुरतं आहे, ते मोठ्याने वाचायचं नाही. मीही मराठी चौथी पास आहे, पण इथे मनातलं बोलावं असं कोणी राहिलं नाही, म्हणून हे कंस.)

तर मुद्द्यावर येतो. मागच्या आठवड्यात टोकावड्याच्या बाजारात नथू गाडीवान भेटला. मी मिरच्या बघत होतो. त्याने वीस माणसांत, गाडीवरून न उतरता, तुमचा निरोप ओरडून सांगितला. कुंडलिकाने अक्षयतृतीयेच्या आत शहापूरला यावं, चार माणसांत बोललेला शब्द चार माणसांत मागे घ्यावा, तर गुणा नांदायला येईल; नाहीतर पडवीत तिची वेगळी चूल मांडली आहे, ती तिथेच राहील. निरोप सांगून झाल्यावर त्याने बैलाला ज्या तऱ्हेने चुचकारलं, ते मला बिलकूल आवडलं नाही. मिरचीवाली म्हणाली, मामा, मिरच्या नकोत ना मग. दादा, मी एक्कावन्न वर्षांचा माणूस आहे. माझ्या बापाच्या पायावर डोकं ठेवायला जुन्नरपासून माणसं घाट उतरून यायची. मी शहापूरची वाट तुडवणार नाही, हे पहिल्या पानावरच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. माझी बाजू काय आहे ती मात्र ऐका, आणि ऐकताना मध्ये हुं करू नका, तुम्हांला ती खोड आहे.

तुम्ही लाकडाच्या वखारीत कामाला लागलात त्याला पंधरा वर्षं झाली. तुमच्या हातात गेली पंधरा वर्षं गुराचं शेपूट आलेलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगावं लागतं. बैल चारा टाकतो, कान पाडतो, तोंडातून लाळ गाळतो, तेव्हा त्याला आडवा पाडून, पाय बांधून, तोंड उघडून बघायचं. जीभ मुठीत धरून बाजूला ओढली की तिच्यावर आणि गालांच्या आतल्या अंगाला काटे दिसतात. उलटे, घशाकडे वळलेले, रांगेने. माझ्या बापाने मला शिकवलं, त्याला त्याच्या बापाने शिकवलं, की हे काटे वाढतात, टोचतात आणि जनावर खाणं सोडतं. मग बारीक कात्रीने ते छाटायचे, मीठ-हळद चोळायची, एक नारळ घ्यायचा आणि घरी यायचं. तिसऱ्या दिवशी बैल चाऱ्याला तोंड लावतो. नारळाशिवाय आमच्या घराण्याने कोणाकडून सुतळीचा तोडासुद्धा घेतला नाही. उंबरमाळीपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत एकही गाव असं नाही की जिथे मी बैलाच्या जिभेला हात लावलेला नाही. गुणा लग्न होऊन आली तेव्हा तुमचे वडीलच म्हणाले होते, जावयाच्या हातात विद्या आहे. ते तुम्हांला आज आठवायचं नाही.

आणि नुसता हात नव्हे, दादा, मी जिभेचा अभ्यास केलेला आहे. गाईबैलाला वरचे पुढचे दात नसतात हे तुम्हांला माहीत आहे का? नसणार. गवत तोडायचं काम ती जनावरं जिभेने करतात, वेढा घालून, मुठीत धरल्यासारखं धरून. बैलाची तब्येत चांगली असली की तो जिभेने स्वतःच्या नाकपुड्या पुसतो, आधी डावी, मग उजवी. ज्या दिवशी पुसल्या नाहीत त्या दिवशी त्याला नांगराला जुंपू नये. बेडकाची जीभ उलटी बसवलेली असते, मागे नाही, पुढे ओठाशी; म्हणून ती दुमडून बाहेर पडते आणि माशी आत येते. घोरपडीची जीभ टोकाला फाटलेली, सापासारखी, आणि ती जिभेने वास घेते. कुत्र्याला घाम येत नाही, तो जिभेतून उन्हाळा बाहेर टाकतो. मांजराची कानसासारखी खरबरीत. सुतारपक्ष्याची तर इतकी लांब की लाकडाच्या भोकात घालून आतला किडा काढतो. तुमच्या वखारीत अशी दोन पाखरं असती तर तुमच्यातल्या चार माणसांना घरी बसवलं असतं. प्रत्येक जनावराला जिभेचं काही ना काही काम आहे. कोणी खातं, कोणी पुसतं, कोणी चाटतं, कोणी वास घेतं. जन्मल्या वासराला गाय जिभेने चाटून कोरडं करते, तेव्हा त्याच्या अंगात ऊब येते आणि ते उभं राहतं. एक माणूस तेवढा असा आहे की ज्याने जिभेला बोलायचं काम लावलं, आणि त्या कामात तिने आजवर काय दिवे लावले ते मी आणि तुम्ही दोघेही बघतोच आहोत.

आता म्हसाच्या जत्रेचं. पौष पौर्णिमा. गुणा आणि मी दोघे गेलो होतो. मला जोडीचा बैल बघायचा होता, तिला घोंगडी घ्यायची होती. (घोंगडी माझ्यासाठी घेत होती, गुरुजी. जुनीला भोकं पडली होती.) म्हसाच्या बाजारात जिभेला काही कामच नसतं हे तुम्हांला आठवत असेल. भाव सगळा रुमालाखाली, बोटांनी. घेणारा देणाऱ्याची बोटं दाबतो, देणारा मान हलवतो, बैल विकला जातो आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. बैलाचा खालचा ओठसुद्धा ओढतात तो पुढचे दात मोजण्यापुरता. आतपर्यंत कोणी बघत नाही. हजारो माणसं आणि हजारो गुरं, आणि तोंड उघडायची गरज कोणाला नाही. अशा ठिकाणी मी माझं तोंड उघडलं, ह्याला नशीब म्हणायचं नाहीतर दुसरं काय.

झालं असं की बुधू ठाकराचा बैल दोन दिवस चारा खात नव्हता. बुधू मला शोधत आला. मी कात्री कमरेला लावूनच जत्रेला जातो. बैल पाडला, पाय बांधले, भोवती शंभरेक माणसं जमली. जमायचीच, माझं काम बघायला नेहमी जमतात. मी जीभ मुठीत धरली, कात्री काढली, इतक्यात मागून कोणीतरी म्हणालं, थांबा. वळून बघतो तर लोकल बोर्डाने जत्रेपुरता पाठवलेला गुरांचा डाक्तर. वय चोवीसच्या वर नाही, खाकी टोपी, मिशीला अजून आकार यायचा होता. तो अगदी सभ्यपणे म्हणाला, बाबा, हे काटे छाटू नका, हे प्रत्येक गाईबैलाला असतात, चारा मागे सरकवायला देवानेच दिलेले आहेत. मला अहो-जाहो करून बोलला, हे मुद्दाम लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल त्याने चिडवलं. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. मी हसलो. लोक हसले. आणि मग, दादा, मला कोणी बोट लावलेलं नसताना मी आपण होऊन म्हणालो, ह्या जत्रेतला कुठलाही बरा बैल उघडून दाखवा, एकाच्या जरी तोंडात काटे निघाले तर मी ही कात्री मोडीन.

पहिला बैल उघडला. काटे होते. मी म्हणालो, हाही आजारी पडणार आहे, बघत राहा. दुसरा उघडला. तिसरा उघडला. सातवा उघडला तेव्हा लोकांनी डाक्तरची वाट बघायचं सोडून दिलं, आणि जो तो आपापल्या बैलाचं तोंड उघडून आत डोकावायला लागला. नुकत्याच सौदा झालेल्या जोड्या, गाभण गाई, वळू, कोणी सुटलं नाही. सगळ्या बाजारात बैल आ करून उभे आणि माणसं त्यांच्यात वाकलेली. एक म्हातारा लांबून ओरडत आला की माझ्या बैलाला दोनशेच्या वर काटे आहेत, आणि त्याला वाटत होतं की त्याला बक्षीस मिळणार आहे. डाक्तरने तेवढ्यात बुधूच्या बैलाची जीभ उचलून खाली बघितलं आणि चिमट्याने बोरीचा काटा बाहेर काढला. खराखुरा, बोटाच्या पेराएवढा, चाऱ्यातून आलेला. जिभेच्या खाली होता. मी वर बघत होतो. बैल उठला, त्याने दोन्ही नाकपुड्या पुसल्या, डावी, उजवी, आणि समोरचा पेंढा ओढला. तीन दिवस लागले नाहीत, तीन पळंसुद्धा लागली नाहीत.

तुम्ही म्हणाल, तीस वर्षांत तुला कळलं कसं नाही? त्याचं उत्तर सोपं आहे. बऱ्या बैलाचं तोंड उघडायचं कोणाला काय कारण? मला लोक बोलवायचे ते आजारी जनावराला. मी आयुष्यात जेवढी तोंडं उघडली तेवढी दुखणाइतांची, आणि त्या सगळ्यांत काटे होते. मग मी काय समजायचं? माझ्या जागी तुम्ही असता, तुमच्या वखारीचा मालक असता, तरी हेच समजला असता. आणि तिसऱ्या दिवशी जनावर खायला लागायचं हेही खरं आहे. (गुरुजी, ते पोट साफ झाल्यामुळे खात असणार, नाहीतर माझ्या जखमा भरत आल्यामुळे. डाक्तरने तसं म्हटलं नाही. घरी आल्यावर माझं मलाच सुचलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.)

मी तसाच उभा होतो, हातात कात्री. गुणा गर्दीत पुढे होती. ती हसली नाही, हे मी कबूल करतो. ती हळू आवाजात बोलली, पण त्या वेळी सगळे गप्प होते म्हणून शंभर माणसांनी ऐकलं. "मी वीस वरसं सांगतेय, एकदा बऱ्या बैलाचं तोंड उघडून बघा. तुमी नाय बघितलंत." एवढंच. त्यावर मी एक वाक्य बोललो. ते काय होतं ते तिने तुम्हांला सांगितलं असेल. नसेल तर मी सांगणार नाही. रागात माणूस बोलतो. जिभेला हाड नसतं असं लोक म्हणतात ते मी स्वतः बोट घालून तपासलेलं आहे, खरंच नसतं. मग बिनहाडाची वस्तू थोडी इकडेतिकडे गेली तर तिच्यावर तीन महिने राग धरायचा असतो का?

(गुरुजी, मी असं म्हणालो: "जिचं एक वासरू जगलं नाय, तिनं मला गायीची जीभ शिकवू नये." शंभर माणसांत म्हणालो. आमची दोन मुलं गेली. एक सहा महिन्यांचं होऊन, एक बारशाच्या आत. दोन्ही माझीही होती. तिने घोंगडीची घडी केली, आमच्या गाडीवर ठेवली, आणि शहापूरकडच्या लोकांच्या गाड्या सुटत होत्या त्यांतल्या एकीत जाऊन बसली. मला वाटलं, टोकावड्याला उतरून परत येईल. त्या गाड्या टोकावड्यावरून जातच नाहीत, हे मला घरी आल्यावर आठवलं.)

त्यानंतर माझे जे हाल झाले ते तुम्ही ऐकून घ्या, म्हणजे तुमच्या मनाला बरं वाटेल. घरी आल्यावर मी एकेका जनावराचं तोंड उघडून बघायला लागलो. खात्री करून घ्यावी, डाक्तरने जत्रेत काही हातचलाखी केली असेल. आधी आमचा मोरा बैल. काटे. तो आता मला बघितलं की तोंड घट्ट मिटून घेतो आणि मी लांब गेल्याशिवाय रवंथ करत नाही. मग काळी शेळी. तिलाही काटे, बारीक. शेजारच्या सकुबाईची म्हैस तिला न विचारता उघडायला गेलो, तिने मला तशीच दाव्यासकट तळ्यात नेलं, आणि सकुबाई काठावर उभी राहून म्हणाली की बायको गेल्यावर माणसाचं असं होतं. पाटलाच्या कुत्र्याने मला पोटरीला चावलं, पण तेवढ्यात मी बघून घेतलं होतं: कुत्र्याची जीभ गुळगुळीत असते. त्या चाव्याने ताप आला असं मी समजत होतो, पण तो हिवताप निघाला. मग त्यावर कोयनेलच्या गोळ्या. दादा, कोयनेलची कडू चव जिभेच्या मागच्या भागात बसते, पुढे नाही, म्हणून ती थुंकता येत नाही. त्यात एक दिवस पेज मीच शिजवली, मीच घाईने तोंडाला लावली, आणि जीभ अशी पोळली की पंधरा दिवस मिठाची चव कळेना. मग मी पेजेत मीठ घालतच गेलो. कोनाड्यात एक हातआरसा आहे, त्यात मी माझी जीभ रोज सकाळी बघतो. पुढून लाल, मध्ये भेग, मागे पिवळट. तीस वर्षं दुसऱ्यांच्या जिभा बघितल्या, स्वतःची ह्या वर्षी पहिल्यांदाच बघतोय. (आरसा तिचा आहे. ती तो विसरून गेली की मुद्दाम ठेवून गेली, हे तुम्हांला काढता आलं तर बघा.)

गावातलं तर विचारूच नका. मला आता कोणी गुरं दाखवायला बोलवत नाही. मी रस्त्याने चाललो की लोक आपल्या बैलांना म्हणतात, तोंड मीट रे. ह्याच लोकांचे बाप माझ्या बापाच्या दारात नारळ घेऊन उभे असायचे. आणि आम्ही कोणाचं वाईट केलं होतं का? जे शिकवलं ते केलं. उद्या तुम्हांला कोणी येऊन सांगितलं की करवतीने लाकूड कापलं जात नाही, तर तुम्ही हसाल की नाही? तुमच्या बहिणीला मात्र आधीपासून माहीत होतं. तिला कसं माहीत होतं? तर तांबूमुळे. तांबू म्हणजे तुम्हीच आंदण दिलेली गाय, आठवत असेल. व्यायली त्याच दिवशी तिने चारा टाकला आणि तिचं वासरू माघाच्या थंडीने गेलं. हे मी तेव्हाच तुम्हांला कळवलं होतं. त्यात जास्त काही नाही.

(आहे, गुरुजी. व्यायलेली गाय एखादा दिवस खात नाही, ते साधं असतं. मी सकाळीच तिचे काटे छाटले, मीठ चोळलं. नंतर तिने वासराला चाटायला जीभ लावली आणि मागे घेतली. पुन्हा लावली, पुन्हा मागे घेतली. रक्त येत होतं. वासरू ओलंच राहिलं. गुणा त्याला पेंढ्याने पुसत होती, मग पदराने पुसत होती, आणि तांबू शेजारी उभी राहून बघत होती. दुपारपर्यंत ते गेलं. त्या दिवशी गुणाने मला पहिल्यांदा विचारलं, बऱ्या गायीच्या तोंडात काय असतं ते तुमी कधी बघितलंय का? मी म्हणालो, बायकांचं काम बायकांनी करावं. आमचं दुसरं बाळ त्याच्या आदल्या श्रावणात गेलं होतं. आणि म्हसाच्या जत्रेत मी तिला वासराचं बोललो. कोणतं वासरू ते तिला बरोबर कळलं.)

तर ही माझी बाजू. आता तुम्हीच न्याय करा, एका वाक्यासाठी सव्विसावं वर्ष चालू असलेला संसार मोडायचा का? चूल तिकडे मांडली असेल तर मांडली असेल. इकडचीही चूल मोडलेली नाही, फक्त पेटवणाऱ्याला ती पेटवता येत नाही. पेरणीआधी रोपांच्या वाफ्यावर राब भाजायचा आहे, त्याला पाला तोडून ठेवला आहे, दोन माणसांचं काम आहे, मी एकट्याने करीन. नागलीचं बी मडक्यात आहे. कुठल्या मडक्यात, ते मला अजून सापडलेलं नाही. तुम्ही कळवा वा न कळवा, मी शहापूरला येऊन चार माणसांत काही बोलणार नाही. आमच्या घराण्यात तशी पद्धत नाही. रंभावहिनींना नमस्कार. म्हशीला बरं वासरू होवो. मोठ्या नमस्कारासहित आणि थोड्याशा रागासहित हे पत्र पुरं करतो.

आपला
कुंडलिक

ता. क. नागलीचं बी कुठल्या मडक्यात आहे, एवढं त्या बाईला विचारून कळवावं. फक्त बियाण्याबद्दल विचारतोय.

ता. क. दुसरा. पत्राबरोबर फडक्यात बांधून एक वस्तू दिली आहे. पत्र संपेपर्यंत गाठ सोडू नये. टपालवाल्याने अशी वस्तू घेतली नसती, म्हणून पत्र टपालाने पाठवलेलं नाही, हाताने पाठवलं आहे.

ता. क. तिसरा. हा मुरबाडच्या पुढे, वाटेवरच्या देवळाच्या पायरीवर बसून लिहितोय. मी शहापूरला येणार नाही असं वर दोनदा लिहिलं आहे ते खोडायला शाई नाही, आता पेन्सिल आहे. वैशाखऱ्याहून निघाल्यापासून मी माफीचे शब्द म्हणून बघतोय. मैलाच्या दगडाशी म्हणून बघतो. आंब्याच्या झाडाशी म्हणून बघतो. झाडासमोर येतात. माणूस दिसलं की जीभ टाळूला चिकटते. इतक्या जनावरांच्या जिभा मुठीत धरल्या, माझी मला धरता येत नाही. म्हणून हे कागदावर.

ता. क. चौथा. गुरुजी, तुम्हांला शाळेच्या दारात गाठून हा कागद हातात देईन, तेव्हा मी कोण ते सांगणार नाही, त्याबद्दल आधीच माफी. आता कंसात लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचा. पहिल्या कंसापासून. चार माणसं जमली नसतील तर आधी जमवा. शेजारचे येतील, अशा वेळी बोलवावं लागत नाही. गुणा चुलीशी असेल तर तिला उठवू नका, पण आवाज तिथपर्यंत जाऊ द्या. वासराचा कंस वाचताना घाई करू नका. मग फडकं सोडा. त्यात माझ्या बापाची कात्री आहे, वरवंट्याने मोडलेली. एका घावात मोडली नाही, चांगल्या लोखंडाची होती.

जत्रेत मी जे बोललो ते खोटं होतं. तांबूचं वासरू मी मारलं. जे मी मारलं ते तिच्या नावावर टाकलं. ते वाक्य मी मागे घेतो, चार माणसांत. जीभ गुरुजींची आहे, शब्द माझे आहेत. एवढ्यावर भागत असेल तर भागवून घ्यावं, दादा. भागत नसेल तर गुणाने स्वतः नाही म्हणून सांगावं, दुसऱ्या कोणी नको.

ता. क. पाचवा. तुमच्या घरासमोरच्या चिंचेखाली बसलो आहे. हा तुकडा गुरुजी पत्र घेऊन आत जाताना त्यांच्या हातात देतोय, तो ते शेवटी वाचतील. सगळ्यांनी एकदम बाहेर येऊ नये. येणार असेल तर ती एकटी येऊ दे, आणि काही बोलायची गरज नाही. पाण्याचा तांब्या आणला तरी मला समजेल. तुमचा कुत्रा माझ्यावर भुंकला नाही. मघापासून माझी पोटरी चाटतोय, तीच, चावलेली. गुणाला सांगा, मी त्याचं तोंड उघडून बघितलेलं नाही.